कावळा, फांदी आणि आकडे : शेतातल्या नोंदींची पारख कशी करावी



खरिपाच्या तोंडावर गावोगाव नव्या बाटल्या, नव्या पुड्या आणि नवी बियाणी येतात. 'पलीकडच्या गावात एकाने हे औषध फवारले, त्याला एकरी तीन क्विंटल भात जास्त झाले,' असे विक्रेता सांगतो. तो खोटेच बोलतो असे नव्हे. त्या शेतकऱ्याला भात खरोखरच जास्त झाले असेल. पण ते बाटलीमुळे झाले, की त्याची जमीन मुळातच कसदार होती, की भांगलण वेळेवर झाली, की पावसाने साथ दिली, हे कोण सांगणार? ज्याच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज आहे त्याला ही बाटली दोनदा महाग पडते, एकदा किमतीत आणि एकदा व्याजात.

आरोग्याचेही तसेच आहे. 'अमुक काढा घेतला आणि तीन दिवसांत सर्दी-ताप गेला,' असे आपण ऐकतो. साधी सर्दी बहुधा काही दिवसांत आपोआपच बरी होते. मग गुण काढ्याचा की दिवसांचा?

आपल्या वाडवडिलांनी हे एका ओळीत सांगून ठेवले आहे : कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. दोन गोष्टी एकदम घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे होत नाही. शुभवर्तमानातही हा विचार आहे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही उत्तरे नाकारली. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक पापी होती असे समजू नका, असेही त्याने बजावले. घाईने कारण चिकटवणे ही माणसाची जुनी खोड आहे.

या खोडीवर संख्याशास्त्राने काही साध्या कसोट्या शोधून काढल्या आहेत. पूर्वी त्यांसाठी मोठी आकडेमोड करावी लागे. आता ती आकडेमोड आपल्या मुलांच्या मोबाइलमध्ये किंवा शाळेतल्या संगणकावर असलेली स्प्रेडशीट क्षणात करते. कोणती कसोटी केव्हा लावायची आणि उत्तराचा अर्थ काय घ्यायचा, एवढेच माणसाने शिकायचे राहते. तेच या लेखात पाहू.

तुलनेवाचून पारख नाही

जुन्या करारात दानिएलाच्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात एक प्रयोग आहे. दानिएल आणि त्याचे तीन सोबती यांनी दहा दिवस शाकाहार आणि पाणी घेतले, इतर तरुणांनी राजाच्या पंक्तीचे अन्न खाल्ले, आणि दहा दिवसांनी कारभाऱ्याने दोघांची तुलना केली. मुदत ठरलेली, आहार ठरलेला, आणि तुलनेसाठी दुसरा गट समोर उभा. नुसते 'भाजी खाऊन आम्ही धडधाकट आहोत' असे दानिएलाने म्हटले असते, तर कारभाऱ्याला काहीच कळले नसते.

म्हणून पहिला नियम हा : ज्याने औषध मारले त्याचे पीक सांगताना, ज्याने मारले नाही त्याचेही पीक सांगावे. दुसरी बाजू नसलेला आकडा हा अर्धाच आकडा समजावा.

आखीव वही म्हणजे स्प्रेडशीट

एक्सेल, गूगल शीट्स आणि लिबरऑफिस ही या स्प्रेडशीटची नेहमीची नावे. यांपैकी शेवटच्या दोन फुकट मिळतात. ही एक आखीव वहीच आहे. उभ्या रकान्यांना ए, बी, सी अशी अक्षरे आणि आडव्या ओळींना १, २, ३ असे अंक असतात. प्रत्येक चौकोनाला सेल म्हणतात. त्याचे नाव अक्षर व अंक मिळून होते, जसे ए२ किंवा बी९. एका ओळीत एका शेताची माहिती लिहावी आणि एका रकान्यात एकाच प्रकारची माहिती लिहावी. 'बारा पोती, थोडी ओली' असे एका सेलमध्ये लिहू नये. तिथे फक्त १२ लिहावे आणि शेरा शेजारच्या रकान्यात द्यावा.

सूत्र लिहिताना आधी बरोबरचे चिन्ह द्यावे लागते. खाली सूत्रे देवनागरीत छापली आहेत, पण संगणकात ती इंग्रजी अक्षरांत लिहावीत. पुढच्या तिन्ही कसोट्या वर सांगितलेल्या तिन्ही स्प्रेडशीटमध्ये चालतात.

पहिली कसोटी : दोन मापे जोडीने चालतात का?

शेणखताच्या गाड्या वाढल्या तर भात वाढते का? येथे दोन्ही बाजूंना मोजमाप आहे, एकीकडे गाड्या आणि दुसरीकडे क्विंटल. अशा वेळी सहसंबंध काढावा. समजण्यासाठी आठ शेतांचे कल्पित आकडे घेऊ, एकरी गाड्या आणि एकरी क्विंटल :

गाड्या : २, ३, ४, ५, ६, ७, ८, ९
भात : १२, १५, १३, १७, १५, १७, २०, १९

गाड्या ए२ ते ए९ मध्ये आणि भात बी२ ते बी९ मध्ये लिहावे. मग एका रिकाम्या सेलमध्ये =कोरेल(ए२:ए९,बी२:बी९) असे लिहावे. इंग्रजीत हा शब्द सी-ओ-आर-आर-ई-एल असा आहे. उत्तर ०.८८ येते.

हा आकडा नेहमी उणे १ आणि अधिक १ यांच्या मध्येच असतो. अधिक १ जवळ असेल तर दोन्ही मापे हातात हात घालून वाढतात. उणे १ जवळ असेल तर एक वाढले की दुसरे घटते. शून्याजवळ असेल तर सरळ रेषेत असा संबंध दिसत नाही. हे माप इंग्लंडच्या कार्ल पिअर्सन यांच्या नावाने ओळखले जाते.

पण ०.८८ हा आकडा निव्वळ योगायोगानेही येऊ शकतो का? शेते थोडी असली की योगायोगाला वाव जास्त. शंभरात पाचपेक्षा कमी वेळा योगायोगाने येईल असा आकडा हवा असेल, तर शेते ५ असताना तो किमान ०.८८ लागतो, ८ असताना ०.७१, १० असताना ०.६३, २० असताना ०.४४ आणि ३० असताना ०.३६. आपली शेते आठ आणि आकडा ०.८८, म्हणजे कसोटीला उतरला. हेच ०.८८ पाच शेतांवरून आले असते तर जेमतेम काठावर राहिले असते. म्हणून 'तिघांना गुण आला' अशा गोष्टीवर विसंबू नये.

एका गाडीमागे भात किती वाढले हे पाहायचे असेल तर =स्लोप(बी२:बी९,ए२:ए९) लिहावे. इंग्रजीत एस-एल-ओ-पी-ई. येथे भाताचा रकाना आधी येतो हे ध्यानात ठेवावे. उत्तर १ येते, म्हणजे या आकड्यांत दर जादा गाडीमागे एक क्विंटल. सहसंबंध सांगतो नाते किती घट्ट आहे, आणि हा दुसरा आकडा सांगतो त्या नात्यातून हाती किती पडते. शेतकऱ्याला दोन्ही हवेत.

आणखी एक काळजी घ्यावी. आकड्यांचे चित्र काढल्याशिवाय सहसंबंधावर विश्वास ठेवू नये. १९७३ साली फ्रान्सिस अँस्कोम या संख्याशास्त्रज्ञाने आकड्यांचे चार संच प्रसिद्ध केले. प्रत्येक संचात अकरा जोड्या, आणि चारही संचांचा सहसंबंध ०.८२. पण चित्र काढले तर एकात सरळ चढ, दुसऱ्यात कमान, तिसऱ्यात सरळ रेषेबाहेर पडलेला एकच ठिपका, आणि चौथ्यात तर सगळा संबंध एकाच दूरच्या ठिपक्याने निर्माण केलेला. खताचा तर कमानीसारखाच स्वभाव असतो. थोडे वाढवले की पीक वाढते, फार वाढवले की भात लोळते. म्हणून स्प्रेडशीटमध्ये चार्ट घालून त्यातील स्कॅटर हा प्रकार निवडावा आणि ठिपके आधी डोळ्यांनी पाहावेत.

दुसरी कसोटी : दोन सरासऱ्यांत खरा फरक आहे का?

येथे एका बाजूला 'औषध मारले' आणि 'मारले नाही' असे दोन गट असतात आणि दुसऱ्या बाजूला मोजमाप. या कामाला टी-कसोटी लागते. तिचा जन्म शेतीच्याच धंद्यात झाला. विल्यम गॉसेट हे आयर्लंडमधील डब्लिन शहरी गिनेस कंपनीच्या बीअरच्या कारखान्यात १८९९ पासून कामाला होते. बीअर बार्लीची होते आणि बार्लीचे प्रयोग थोड्याच शेतांवर करता येतात. थोड्या आकड्यांवरून खात्रीचा निष्कर्ष कसा काढावा, हा त्यांचा रोजचा प्रश्न होता. कंपनी नोकरांना स्वतःच्या नावाने लेख छापू देत नसे, म्हणून १९०८ साली त्यांनी 'स्टुडंट', म्हणजे विद्यार्थी, या टोपणनावाने आपली रीत प्रसिद्ध केली.

त्या लेखात त्यांनी झोपेच्या दोन औषधांचे आकडे उदाहरणाला घेतले होते. तेच दहा रोगी, आळीपाळीने दोन्ही औषधे. झोप किती तास वाढली किंवा घटली याची नोंद अशी :

पहिले औषध : ०.७, −१.६, −०.२, −१.२, −०.१, ३.४, ३.७, ०.८, ०, २.०
दुसरे औषध : १.९, ०.८, १.१, ०.१, −०.१, ४.४, ५.५, १.६, ४.६, ३.४

पहिल्याची सरासरी पाऊण तास, दुसऱ्याची २.३३ तास. हा फरक खरा की योगायोग? पहिली ओळ ए२ ते ए११ मध्ये उभी लिहावी, दुसरी बी२ ते बी११ मध्ये, आणि =टी.टेस्ट(ए२:ए११,बी२:बी११,२,१) असे सूत्र द्यावे. इंग्रजीत टी, टिंब, मग टी-ई-एस-टी. उत्तर सुमारे ०.००३ येते.

या उत्तराचा अर्थ नीट समजून घ्यावा, कारण येथेच बहुतेकांची गल्लत होते. समजा दोन्ही औषधांत काडीचाही फरक नाही. तरीसुद्धा नुसत्या योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याचा संभव किती? तर हजारात सुमारे तीन. म्हणजे योगायोग हे कारण मानणे कठीण झाले. 'औषध गुणकारी असण्याची शक्यता हजारात ९९७' असा याचा अर्थ मात्र नव्हे.

रॉनल्ड फिशर यांच्या १९२५ च्या पुस्तकापासून ०.०५, म्हणजे शंभरात पाच, ही मर्यादा रूढ झाली. उत्तर त्याहून कमी आले तर फरक दखल घेण्याजोगा मानतात. ही सोयीची रेघ आहे, दहा आज्ञांपैकी एक नव्हे. ०.०४ आले म्हणून नाचू नये आणि ०.०६ आले म्हणून निराश होऊ नये.

सूत्रातील शेवटचे दोन अंकही महत्त्वाचे आहेत. २ म्हणजे फरक कोणत्याही बाजूचा असला तरी मोजा. शेवटचा १ म्हणजे आकडे जोडीचे आहेत, तोच रोगी आणि दोन औषधे. जोडी नसेल, एका गटात काही शेते आणि दुसऱ्या गटात निराळी शेते असतील, तर शेवटी ३ लिहावा. आता पाहा गंमत. वरच्याच आकड्यांना जोडी न मानता ३ लिहिले, तर उत्तर सुमारे ०.०८ येते, म्हणजे रेघेच्या पलीकडे. आकडे तेच, पण खात्री गेली. असे का? कारण काही माणसांना मुळातच गाढ झोप लागते आणि काहींना नाही. हा माणसामाणसांतला फरक औषधाच्या फरकाला झाकून टाकतो. त्याच माणसाची त्याच माणसाशी तुलना केली की हे झाकण उडते.

शेतीत याचा फार मोठा उपयोग आहे. माझी ताल आणि तुमची ताल यांची तुलना करण्यापेक्षा प्रत्येकाने आपलीच ताल मधोमध विभागावी, एका भागात औषध आणि दुसऱ्यात नाही. जमीन तीच, पाणी तेच, हात तेच. थोड्या शेतकऱ्यांत मोठी खात्री मिळवण्याचा हा स्वस्त मार्ग आहे.

तिसरी कसोटी : मोजलेल्या डोक्यांचा हिशोब

कधी कधी मोजमाप नसतेच, नुसती गणती असते. किती रोपे मेली आणि किती जगली, किती जण आजारी पडले आणि किती नाही. येथे काय-वर्ग कसोटी लागते. ती कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली दिली.

त्याच १९०० साली एका धर्मगुरूचे विसरलेले काम जगापुढे पुन्हा आले. ग्रेगोर मेंडेल हे ऑगस्टिन संघाचे मठवासी, ब्रनो येथील मठातले. मठाच्या बागेत त्यांनी वाटाण्याची हजारो रोपे वाढवली आणि धीराने दाणे मोजले. १८६६ साली छापलेल्या त्यांच्या निबंधात गोल दाणे ५४७४ आणि सुरकुतलेले १८५० अशी नोंद आहे. त्यांच्या नियमाप्रमाणे तीनास एक हे प्रमाण हवे. एकूण ७३२४ दाण्यांत ५४९३ गोल आणि १८३१ सुरकुतलेले असावेत. फरक फक्त १९ दाण्यांचा. हा फरक योगायोगाचा की नियमच चुकीचा?

प्रत्यक्ष आकडे ए२ व ए३ मध्ये, अपेक्षित आकडे बी२ व बी३ मध्ये लिहून =कायस्क.टेस्ट(ए२:ए३,बी२:बी३) असे सूत्र द्यावे. इंग्रजीत सी-एच-आय-एस-क्यू, टिंब, टी-ई-एस-टी. उत्तर सुमारे ०.६१ येते. म्हणजे नियम बरोबर असतानाही शंभरात साठ-एकसष्ट वेळा एवढा फरक पडतोच. मेंडेलच्या नियमाला या गणतीने कोठेही धक्का लागत नाही.

आता आरोग्याचे उदाहरण. निपाणीच्या बाजूला आपल्या कित्येक बांधवांचे पोट तंबाखूवर आहे आणि आपल्या घराघरांत विडी, सिगारेट आणि मिश्रीही आहे. म्हणून हे आकडे जपून पण स्पष्ट सांगितले पाहिजेत. १९५० साली रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी इंग्लंडमधील इस्पितळांतील पुरुष रोग्यांची चौकशी प्रसिद्ध केली. फुफ्फुसाच्या कर्करोगाचे ६४९ रोगी आणि दुसऱ्या आजारांचे ६४९ रोगी. पहिल्या गटात धूम्रपान न करणारे फक्त २. दुसऱ्या गटात २७.

अपेक्षित आकडा काढण्याची रीत अशी. आडवी बेरीज गुणिले उभी बेरीज, भागिले एकूण बेरीज. न ओढणारे एकूण २९ आणि दोन्ही गट सारखे, म्हणून प्रत्येकात १४.५ अपेक्षित. ओढणारे एकूण १२६९, म्हणून प्रत्येकात ६३४.५. प्रत्यक्ष चार आकडे एका चौकटीत आणि अपेक्षित चार आकडे दुसऱ्या चौकटीत लिहून वरचेच सूत्र द्यावे. उत्तर दहा लाखांत सुमारे तीन इतके लहान येते. कावळा आणि फांदीची गोष्ट येथे संपली.

ही कसोटी लावताना अपेक्षित आकडा प्रत्येक सेलमध्ये किमान पाच असावा. टक्केवारी घालू नये, प्रत्यक्ष गणतीच घालावी.

योगायोग नाही म्हणजे कारण सापडले असे नाही

येथे थांबून विचार करावा. शेणखताच्या उदाहरणाकडे परत या. जास्त गाड्या कोण घालतो? ज्याच्या गोठ्यात जास्त जनावरे आहेत तो. त्याच्याकडे बहुधा विहीरही असते, शेत घराजवळ असते आणि भांगलणीला माणसेही असतात. मग भात गाड्यांनी वाढले की विहिरीने? कसोटी एवढेच सांगते की हा योगायोग नव्हे. तिसरे काही मागे लपले आहे का, हे ती सांगत नाही.

धूम्रपानाच्या बाबतीत हाच आक्षेप खुद्द फिशर यांनी घेतला होता. काही माणसांच्या जन्मजात घडणीतच ओढण्याची आवड आणि कर्करोग दोन्ही असतील, असे ते म्हणत. शंका नियमाला धरून होती, पण पुढच्या पुराव्यापुढे ती टिकली नाही. डॉल आणि हिल यांनी १९५१ पासून इंग्लंडमधील डॉक्टरांच्याच सवयी लिहून घेतल्या आणि वर्षानुवर्षे त्यांचा पाठपुरावा केला. जास्त ओढणारे जास्त मेले, ज्यांनी सोडले त्यांचा धोका उतरत गेला. २००४ साली पन्नास वर्षांचा ताळेबंद आला. आयुष्यभर ओढणारे सरासरी सुमारे दहा वर्षे आधी जातात. पन्नाशीत सोडले तर त्यांतील सुमारे सहा वर्षे परत मिळतात, तिशीत सोडले तर जवळजवळ सगळीच. ज्यांना 'आता सोडून काय उपयोग' असे वाटते त्यांनी हा आकडा दोनदा वाचावा. तंबाखू पिकवणाऱ्याला हे सांगताना मला जड जाते, पण पिकाचा प्रश्न वेगळा आणि आपल्या छातीचा प्रश्न वेगळा.

माणसांवर सिगारेटचा प्रयोग करता येत नाही, म्हणून तिथे पन्नास वर्षे लागली. शेतात मात्र प्रयोग करता येतो, आणि तिसऱ्या लपलेल्या कारणावर एक साधा उपाय आहे : चिठ्ठी टाकणे. फिशर हे १९१९ पासून इंग्लंडमधील रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात होते. कोणत्या तुकड्याला कोणते खत हे माणसाने ठरवू नये, चिठ्ठीने ठरवावे, हा त्यांचा आग्रह होता. आपण ठरवले तर नकळत चांगला तुकडा आवडत्या औषधाला देतो. यहूदाच्या जागी मत्थियाची निवड प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकूनच केली. चिठ्ठीला नातेवाईक नसतात.

आपल्याकडेही या विद्येची मोठी परंपरा आहे. सातारा जिल्ह्यातील डॉ. पांडुरंग सुखात्मे आणि इंदूरच्या वनस्पती संशोधन संस्थेत काम केलेले डॉ. विनायक पानसे या दोन मराठी माणसांनी लिहिलेला शेतीच्या संख्याशास्त्रावरचा ग्रंथ १९५४ साली भारतीय कृषी संशोधन परिषदेने काढला आणि शेतकी महाविद्यालयांतून तो पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला. गावात तलाठी किंवा कृषी सहायक चिठ्ठीने निवडलेल्या शेतात चौकोन आखून पीक कापून तोलतात, त्या पीक कापणी प्रयोगामागे हीच विद्या आहे. २०१६ पासूनच्या पंतप्रधान पीक विमा योजनेत भरपाईच्या हिशोबाला या कापणीचाही आधार घेतला जातो. म्हणून तो चौकोन चिठ्ठीनेच पडतो की नाही हे पाहण्याचा आपल्याला हक्क आहे.

आपला प्रयोग असा करावा

१. पेरणीआधी एकच प्रश्न वहीत लिहावा. उदाहरणार्थ, या औषधाने भाताचे वजन वाढते का? मागाहून प्रश्न बदलू नये.

२. आठ ते दहा शेतकऱ्यांनी एकत्र यावे. प्रत्येकाने आपली एक ताल दोन सारख्या भागांत वाटावी.

३. नाणे उडवून औषधाचा भाग ठरवावा. छापा आला तर उगवतीचा, काटा आला तर मावळतीचा.

४. बाकी सारे दोन्हीकडे सारखे ठेवावे. एकीकडे औषध फवारले तर दुसरीकडे तेवढेच नुसते पाणी फवारावे.

५. कापणीच्या वेळी बांधाकडची भाताची कडा सोडावी. प्रत्येक भागाच्या मध्ये १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद चौकोन आखून तेवढेच कापावे, मळून, वाळवून तोलावे. किलोला ८१ ने गुणले की एकरी वजन निघते.

६. तोलणाऱ्याला औषधाचा भाग कोणता हे सांगू नये. तराजू खोटा नसतो, पण डोळा लोभी असतो.

७. सगळे आकडे लिहावेत, न आवडलेलेही. एखादे शेत डुकरांनी खाल्ले तर तसा शेरा लिहावा.

८. जोडीची टी-कसोटी लावावी. मग पैशाचा हिशोब करावा. समजा फरक खरा निघाला, पण चौकोनामागे अर्धाच किलो, म्हणजे एकरी चाळीस किलो. तेवढ्या भाताची किंमत बाटली आणि फवारणीच्या मजुरीपेक्षा कमी असेल, तर फरक खरा असूनही बाटली खोटी.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

एकाच हंगामात वीस निरनिराळी औषधे तपासली आणि वीसही निरुपयोगी असली, तरी त्यांतील एखादे शंभरात पाचच्या रेघेखाली येण्याचा संभव शंभरात चौसष्ट आहे. म्हणून पुष्कळांतून एकच यशस्वी गोष्ट निवडून दाखवणाऱ्याला विचारावे, बाकीच्यांचे काय झाले? आणि एका हंगामात गुण दिसला तर दुसऱ्या हंगामात तोच प्रयोग पुन्हा करावा.

उलट, फरक रेघेत बसला नाही म्हणजे औषध निरुपयोगी ठरले असेही नाही. शेते थोडी असली की खरा पण लहान फरक हाती लागत नाही. अशा वेळी 'सिद्ध झाले नाही' एवढेच म्हणावे आणि पुढच्या वर्षी शेते वाढवावीत.

संत पौलानेही सर्व काही पारखून घेण्याचा उपदेश केला आहे. पारख ही श्रद्धेच्या विरुद्ध नाही. देवाने सृष्टी नियमाने चालवली आहे म्हणूनच मेंडेलच्या बागेत दाणे तीनास एक मोजता आले. घाम गाळून मिळवलेला पैसा कोणत्या बाटलीवर घालायचा, हे ठरवताना त्याच नियमांचा आधार घेणे हे गृहस्थाचे कर्तव्य आहे.

ज्यांच्याकडे मागल्या काही वर्षांच्या लावणी-कापणीच्या वह्या असतील त्यांनी त्या जपून ठेवाव्यात आणि घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना त्या स्प्रेडशीटमध्ये उतरवायला सांगावे. येत्या हंगामात आठ-दहा घरे मिळून एक प्रयोग करण्यास तयार असतील, तर रविवारच्या मिस्सेनंतर मला भेटावे. नाणे मी आणीन. तराजू मात्र तुमचा हवा.